हाकेच्या अंतरावर

(खेळाचे मैदान असो, विमानतळ असो की शाळा, माणसाचे हृदय कोठेही अचानक बंद पडू शकते. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंतची पहिली काही मिनिटे फार मोलाची असतात. त्या मिनिटांत उपयोगी पडणाऱ्या एका लहानशा यंत्राची माहिती या पाठात दिली आहे. असे यंत्र असून भागत नाही, ते जवळ असावे लागते, ही गोष्ट लेखकाने खऱ्या घटना सांगून समजावून दिली आहे.)

१२ जून २०२१ ची संध्याकाळ होती. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन येथील पार्कन मैदानावर डेन्मार्क आणि फिनलंड यांचा फुटबॉलचा सामना चालू होता. युरोपातील राष्ट्रांची ती मोठी स्पर्धा होती. प्रेक्षक झेंडे हलवत होते, गाणी म्हणत होते. पूर्वार्ध संपायला थोडाच वेळ उरला होता. इतक्यात डेन्मार्कचा नामवंत खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन चेंडूकडे धावला आणि कोणाचाही धक्का लागलेला नसताना एकदम गवतावर कोसळला.

एरिक्सन तेव्हा फक्त २९ वर्षांचा होता. रोज व्यायाम करणारा, तासन्‌तास धावणारा धडधाकट तरुण! पण त्या क्षणी तो निश्चल पडला होता. हजारो प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकला. पंचांनी ताबडतोब खेळ थांबवला आणि डॉक्टरांना बोलावले. संघाचा कप्तान धावत आला. एरिक्सनचा श्वासमार्ग मोकळा राहील याची त्याने काळजी घेतली. सर्व खेळाडूंनी त्याच्याभोवती कडे केले. कोणाच्या डोळ्यांत पाणी होते, कोणी हात जोडून प्रार्थना करत होते.

डॉक्टर पोचले तेव्हा एरिक्सनची नाडी लागत होती. पण पाहता पाहता तीही लागेनाशी झाली. डॉक्टरांनी लगेच त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. मैदानाच्या कडेला एक छोटे यंत्र तयार ठेवलेले होते. ते आणून त्यांनी एरिक्सनच्या छातीला लावले. यंत्राने विजेचा एक झटका दिला आणि त्याचे हृदय पुन्हा चालू झाले. मैदानाबाहेर नेले जात असताना एरिक्सन शुद्धीवर होता.

मुलांनो, आता एक विचार करा. तेच यंत्र त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या रुग्णालयाच्या कपाटात असते, तर काय झाले असते? डॉक्टर तेच असते, त्यांचे ज्ञान तेच असते, यंत्रही तेच असते. पण ते येईपर्यंत वेळ निघून गेली असती.

असे का, हे समजण्यासाठी आधी आपल्या हृदयाचे काम समजून घेऊ. हृदय हा एक पंप आहे. निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि सर्व शरीरात रक्त पोचवते. या पंपाला हुकूम देणारी यंत्रणाही हृदयातच असते. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा समूह आहे. तेथून विजेचा अगदी मंद संदेश निघतो. तो सर्व स्नायूंना ठरावीक क्रमाने मिळतो आणि सर्व स्नायू एका तालावर काम करतात.

कधी कधी मात्र हा ताल बिघडतो. खालच्या कप्प्यांतील स्नायू हुकूम ऐकेनासे होतात. जो तो आपल्या मर्जीने हलू लागतो. शाळेच्या कवायतीत प्रत्येक मुलगा वेगळ्या दिशेला चालू लागला, तर जसा गोंधळ होईल, तसाच गोंधळ हृदयात होतो. हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही. मेंदूला रक्त मिळेनासे झाले की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते.

येथे एक फरक नीट लक्षात ठेवा. आपण बोलताना ‘हार्ट अटॅक’ आणि ‘हृदय बंद पडणे’ हे एकच समजतो. पण ते एक नाही. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली की हार्ट अटॅक येतो. त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीवर असतो; छातीत दुखते, घाम येतो, जीव घाबरा होतो. त्याला लवकर रुग्णालयात न्यावे लागते. हृदय बंद पडते तेव्हा माणूस बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास नीट चालत नाही. हार्ट अटॅकमुळे हृदय बंद पडू शकते. पण इतर कारणांनीही ते घडते. क्वचित छातीवर जोराने चेंडू बसल्यामुळेही असे होते.

थरथरणाऱ्या हृदयाचा गोंधळ थांबवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे विजेचा झटका. हा झटका देणाऱ्या यंत्राला ‘डिफिब्रिलेटर’ म्हणतात. झटक्यामुळे सर्व स्नायूंची थरथर एका क्षणी थांबते. मग हृदयातील मूळ पेशींना पुन्हा हुकूम देण्याची संधी मिळते आणि ताल परत येतो. कवायतीचे शिक्षक जोराने शिट्टी वाजवतात, सगळी मुले जागच्या जागी थांबतात आणि कवायत पुन्हा नव्याने सुरू होते, तसेच हे आहे.

हे यंत्र लोकांच्या जवळ येण्यास बराच काळ लागला. १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉक्टर क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या एका मुलाचे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा चालू केले. पण तो मुलगा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता आणि त्याची छाती उघडलेली होती. म्हणजे त्या काळी यंत्राचा फायदा फक्त रुग्णालयात असलेल्याला मिळू शकत होता.

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात फ्रँक पॅन्ट्रिज नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आले, की हृदयविकाराने मरणारे पुष्कळसे लोक रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. ते घरी, रस्त्यात किंवा कामाच्या जागी प्राण सोडतात. मग रुग्णालयातील यंत्राचा त्यांना काय उपयोग? पॅन्ट्रिज यांनी ठरवले, की रुग्ण यंत्राकडे येऊ शकत नसेल, तर यंत्रच रुग्णाकडे न्यायचे. १९६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा डिफिब्रिलेटर तयार केला आणि तो रुग्णवाहिकेत बसवला. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. तीनच वर्षांत त्यांनी ते सुमारे तीन किलोपर्यंत खाली आणले. जे उचलायला दोन-तीन माणसे लागत, ते आता एका हातात मावू लागले.

पुढे या यंत्रात आणखी एक मोठी सुधारणा झाली. हृदयाची थरथर ओळखण्याचे काम पूर्वी डॉक्टरांना करावे लागे. ते आता यंत्र स्वतःच करू लागले. अशा यंत्राला थोडक्यात ‘ए.ई.डी.’ म्हणतात. हे यंत्र बोलते. बटण दाबले की ‘पट्ट्या चिकटवा’, ‘दूर व्हा’, ‘झटका द्या’ अशा सूचना ते एकामागून एक देते. झटक्याची गरज नसेल, तर ते झटका देतच नाही. त्यामुळे ‘माझ्या हातून चूक झाली तर?’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

यंत्र हलके झाले, सोपे झाले. आता प्रश्न उरला तो ठेवायचे कोठे, याचा. याचे उत्तर अमेरिकेतील शिकागो शहराने शोधले. जून १९९९ पासून तेथील विमानतळांवर भिंतींवर, सर्वांना दिसतील अशा ठिकाणी ही यंत्रे लावण्यात आली. भरभर चालत गेल्यास एक ते दीड मिनिटात कोणालाही यंत्र सापडावे, अशी त्यांची जागा ठरवली होती.

दोन वर्षांत तेथे १८ माणसांचे हृदय अशा थरथरीमुळे बंद पडले. त्यांपैकी चौघांच्या बाबतीत यंत्र जवळ नव्हते आणि पाच मिनिटांच्या आत वापरले गेले नाही. त्या चौघांपैकी एकही वाचला नाही. उरलेल्या १४ जणांना पाच मिनिटांच्या आत यंत्र लावले गेले. त्यांतील तिघे दगावले. पण ११ जणांचे हृदय पुन्हा चालू झाले. या अकरांपैकी सहा जणांना मदत करणाऱ्यांनी हे यंत्र वापरण्याचे शिक्षण कधीच घेतलेले नव्हते. त्या मदतनिसांत तिघे डॉक्टरकी शिकलेले होते, बाकीचे साधे प्रवासी व कर्मचारी होते. यंत्र सर्वांनाच वाचवते असे नाही. पण ते दूर असले, तर वाचण्याची आशा जवळजवळ राहत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

तज्ज्ञ सांगतात, की छातीवर दाब दिला नाही तर झटक्याला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने कमी होते. लगेच दाब द्यायला सुरुवात केली, तर ही घट बरीच मंद होते. म्हणून यंत्र जवळ हवे आणि ते येईपर्यंत दाब देणारे हातही जवळ हवेत.

डेन्मार्कने ही गोष्ट ओळखली होती. तेथे २००५ पासून प्राथमिक शाळांतच मुलांना छातीवर दाब कसा द्यावा हे शिकवू लागले. २००६ पासून गाडी चालवण्याचा परवाना काढणाऱ्यालाही ते शिकावे लागते. याचा परिणाम काय झाला? २००१ साली हृदय बंद पडलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे २१ जणांना आसपासच्या लोकांनी दाब दिला होता. २०१० साली ही संख्या ४५ झाली. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शंभरात साडेतीनवरून जवळजवळ अकरांवर गेले. यामागे इतरही कारणे असतील. पण शाळेत शिकलेल्या मुलांचाही त्यात वाटा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या शाळेच्या मैदानाकडे वळू. समजा, मधल्या सुट्टीत क्रिकेट रंगले आहे. एक चेंडू उसळून साजिदच्या छातीवर बसला आणि तो जागीच कोसळला. हाक मारली तर ‘ओ’ देत नाही. शाळेत यंत्र आहे. पण ते पहिल्या मजल्यावर, कार्यालयातील कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली शिपाईचाचांकडे आहे आणि चाचा टपाल टाकायला बाहेर गेले आहेत. मुले हवालदिल होऊन चाचांना शोधत आहेत. किल्ली मिळेपर्यंत सात मिनिटे गेली. वरचा हिशेब आठवा. सात मिनिटांत साजिदची जवळजवळ अर्धी किंवा त्याहूनही अधिक आशा संपली!

आता दुसरे चित्र पाहा. तेच यंत्र जिन्याजवळच्या भिंतीवर, कुलूप नसलेल्या पेटीत आहे. पेटीवर हिरव्या रंगाचे, हृदय आणि वीज दाखवणारे चिन्ह आहे. शाळेतील लहानात लहान मुलालाही ती जागा ठाऊक आहे. साजिद पडताच रुखसाना धावत गेली आणि दीड मिनिटात यंत्र घेऊन आली. तोपर्यंत सर त्याच्या छातीवर दाब देत होते. यंत्राची किंमत दोन्ही चित्रांत सारखीच आहे. फरक आहे तो अंतराचा आणि कुलपाचा.

काही जण म्हणतील, ‘रुग्णवाहिका बोलावली की झाले.’ रुग्णवाहिका बोलावलीच पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे. पण अरुंद गल्ल्या, बाजाराची गर्दी आणि वाहनांच्या रांगा यांतून वाट काढत चार-पाच मिनिटांत येणे तिला सहसा शक्य होत नाही. तोवरचा वेळ आपल्यालाच सांभाळावा लागतो.

असा प्रसंग आला तर काय करावे? प्रथम पडलेल्या माणसाला खांद्याला धरून हलवावे, मोठ्याने हाक मारावी. तो उत्तर देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर त्याचे हृदय बंद पडले आहे असे समजावे. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. मदतीसाठी ओरडावे. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने यंत्र आणायला धावावे. ‘कोणीतरी जा’ असे म्हणू नये. नाव घेऊन सांगावे. तिसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ करून दाब द्यावा. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जायला हवी आणि मिनिटाला १०० ते १२० दाब पडायला हवेत.

यंत्र आले की लगेच चालू करावे. छाती ओली असेल तर पुसावी. पट्ट्या कोठे चिकटवायच्या याचे चित्र पट्ट्यांवरच असते. यंत्र ‘दूर व्हा’ म्हणाले की कोणीही रुग्णाला हात लावू नये. झटका दिल्यावर लगेच पुन्हा दाब सुरू करावा आणि मदत येईपर्यंत यंत्राच्या सूचना ऐकत राहावे.

यंत्राची निगा राखणेही तितकेच आवश्यक आहे. बॅटरी उतरली किंवा पट्ट्यांची मुदत संपली, तर भिंतीवरची पेटी ही केवळ शोभेची वस्तू ठरते. म्हणून दर महिन्याला ते तपासण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, विहीर घरापासून दूर असेल, तर आग लागल्यावर तिचे पाणी कामाला येत नाही. मदतीचेही तसेच आहे. संकटात सापडलेल्या माणसाचा जीव वाचवणे हे मोठ्या सवाबाचे काम आहे, असे आपण घरी ऐकत आलो आहोत. त्यासाठी मनात इच्छा हवी, हातात कला हवी आणि साधन हाकेच्या अंतरावर हवे.

एरिक्सनचे पुढे काय झाले, हे जाणून घ्यायला तुम्ही उत्सुक असाल. डॉक्टरांनी त्याच्या छातीत एक छोटा डिफिब्रिलेटर कायमचा बसवला. आता त्याचे यंत्र सदैव त्याच्याबरोबर असते. २०२२ मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला. १६ जून २०२४ रोजी, युरोपातील पुढच्या स्पर्धेत, स्लोव्हेनियाविरुद्धच्या सामन्यात त्याने डेन्मार्कसाठी गोल केला. तीन वर्षांपूर्वी त्याच्याभोवती रडत उभे राहिलेले काही सोबती त्या दिवशीही मैदानावर होते. या वेळी ते त्याला मिठी मारायला धावले.

शब्दार्थ

निश्चल – न हलणारा, बेहरकत
आकुंचन पावणे – आखडणे, सिकुडणे
ताबडतोब – लगेच, फौरन
नाडी – नब्ज
पेशी – शरीराचा अतिशय सूक्ष्म घटक, खलिया
धडधाकट – सशक्त, तंदुरुस्त
रुग्णवाहिका – रुग्णाला नेणारी गाडी, ॲम्ब्युलन्स
दगावणे – मरण पावणे
निगा – देखभाल
आचके – मरणाच्या वेळी येणारे तुटक श्वास

वाक्प्रचार

हाकेच्या अंतरावर असणे – अगदी जवळ असणे
काळजाचा ठोका चुकणे – एकदम खूप घाबरणे
हवालदिल होणे – काय करावे हे न सुचणे, घाबरून जाणे
वाट काढणे – अडचणीतून मार्ग शोधणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) एरिक्सन कोणत्या शहरातील मैदानावर कोसळला?
(२) क्लॉड बेक यांनी कोणत्या साली विजेच्या झटक्याने हृदय चालू केले?
(३) पॅन्ट्रिज यांच्या पहिल्या यंत्राचे वजन किती होते?
(४) महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी कोणत्या क्रमांकावर फोन करावा?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणे यांत काय फरक आहे?
(२) पॅन्ट्रिज यांनी यंत्र रुग्णवाहिकेत का बसवले?
(३) शिकागोच्या विमानतळांवर यंत्रांच्या जागा कशा ठरवल्या होत्या?
(४) ‘कोणीतरी जा’ असे न म्हणता नाव घेऊन का सांगावे?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
साजिदच्या प्रसंगाची दोन चित्रे लेखकाने का दिली आहेत, ते तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(१) हृदय हा एक ______ आहे.
(२) झटक्याची गरज नसेल, तर यंत्र ______ देत नाही.
(३) मिनिटाला १०० ते ______ दाब पडायला हवेत.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जवळ, सोपे, ओले, हलके, चालू

प्र. ६. वरील चारही वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ७. मराठीत आणि उर्दूतही वापरले जाणारे शब्द या पाठात पुष्कळ आहेत. उदा. मदत, फरक, हुकूम. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम
शाळेचा नकाशा काढा. मैदानापासून कार्यालयापर्यंत भरभर चालत जाऊन परत या आणि किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. हृदयाला झटका देणारे यंत्र शाळेत कोठे ठेवावे, हे वर्गात चर्चा करून ठरवा व नकाशावर त्या जागी खूण करा. शाळेत यंत्र नसल्यास जवळपास ते कोठे आहे याची शिक्षकांच्या मदतीने चौकशी करा आणि मुख्याध्यापकांना एक विनंतिपत्र लिहा.